काट मारलेली आकृती

वेतुरियाबाई झागान यांना घाबरायला कारण लागत नसे. "तू आधी घाबरून घेतेस आणि मग कारण शोधायला निघतेस," असं त्यांचा नवरा नेकुलाय म्हणायचा. तो रेल्वेत सिग्नलवर होता, त्यामुळे लाल आणि हिरवं यांच्यामध्ये आणखी काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. बाईंचं सगळं आयुष्य मात्र त्या मधल्या जागेतच गेलं. लिफ्टची भीती, दारावरच्या थापेची भीती, शिक्षकांच्या खोलीतला टेलिफोन वाजला की भीती, आणि बराच वेळ वाजला नाही तर जास्तच भीती. आता खरं सांगायचं तर त्या वर्षांत आमच्या बर्लाद गावात न घाबरणारा माणूस एक तर मूर्ख होता, नाहीतर घाबरवणाऱ्यांच्या पगारावर होता. पण बाकीचे लोक घरी येऊन दार लावलं की जरा सैल पडत. बाई दार लावल्यावर कुलूप नीट बसलंय का म्हणून घाबरत.

या सगळ्या भीतींची पट्टराणी होती भूमितीची आकृती. गणिताची शिक्षिका, आणि आकृती काढायची म्हटलं की हाताला घाम!

याला मात्र कारण होतं, आणि ते बाईंना शोधावं लागलं नव्हतं. तरुणपणी त्या याश शहरातल्या विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसल्या, तेव्हा एका गणितात त्यांनी झकास आकृती काढली. तिच्यात एक बिंदू त्रिकोणाच्या आत पडलेला दिसला. बाईंनी त्या आधारावर पानभर सिद्धता रचली. बिंदू मुळात बाहेर पडत होता. आकृती केसभर वाकडी आली होती, एवढंच. त्या केसभरापायी त्यांना एक अख्खं वर्ष बटणांच्या कारखान्यात भोकं तपासत बसावं लागलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, पण धसका गेला नाही. आपले डोळे खोटं बोलतात आणि आकृती त्यांना पढवून पाठवते, हे त्यांच्या मनानं कायमचं घेतलं.

मग विद्यापीठात संमिश्र संख्या भेटल्या आणि बाईंना आंधळ्याची काठी सापडली. वर्तुळाचं केंद्र म्हणजे शून्य, त्रिज्या म्हणजे एक, आणि वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एकेक संख्या. काटकोनात वळायचंय? i नं, म्हणजे वजा एकच्या वर्गमुळानं, गुणा. दोन रेषा एकमेकींना लंब आहेत का? डोळे मिटून भागाकार करा, उत्तरच सांगेल. अमुक ठिकाणी रेघ ओढावी असं काही सुचावं लागत नाही, आणि सुचलं नाही म्हणून कुणासमोर उभं राहावं लागत नाही. दोन पानं निमूट आकडेमोड केली की गणित आपल्या पायांनी चालत शेवटाला पोचतं. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी सुरक्षित वाटलं.

त्यांच्याच शाळेतले गिंपूसर या प्रकाराला भूमिती मानायला तयार नव्हते. सर जुन्या वळणाचे, खिशात कायम दोऱ्याचा तुकडा आणि खडू.

"वेतुरियाबाई, तुम्ही भूमिती करत नाही, दळण दळता," ते म्हणायचे.

"दळलं की पीठ तरी मिळतं, सर. तुमची ती जादूची रेघ सुचलीच नाही तर?"

"सुचते हो! आकृतीकडे जरा प्रेमानं बघावं लागतं."

"मी नाही बघत."

"नेकुलायकडे तरी बघता की त्यालाही आधी समीकरणात बसवता?"

बाई लाजून हसत आणि लगेच, कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघत.

वर्गाला त्यांनी एक शिस्त लावली होती. समासात आकृती इवलीशी काढायची, बिंदूंना नावं द्यायची, आणि लगेच पेन्सिलीनं तिच्यावर काट मारायची. मगच उत्तराची पहिली ओळ लिहायची. "आकृतीला काही विचारायचं नाही," त्या सांगत. "ती गोड बोलून खड्ड्यात घालते." पोरं खिदळत, पण काट मारत. दुसऱ्या कुठल्याही शाळेत, दुसऱ्या कुठल्याही मास्तरच्या हाताखाली असलं काही नव्हतं.

सगळ्यात मनापासून काट मारायची ती स्मरांदा. दहावीतली मुलगी, आई सूतगिरणीत पाळ्या करणारी, दोघी गिरणीच्या वसतिगृहात एका खोलीत राहायच्या. ही पोर अशी आकडेमोड करायची की बघत राहावं. दोन पानांत एक चिन्ह इकडचं तिकडे होत नसे. बाईंनी तिला तीन वर्षं हाताशी धरून शिकवलं होतं. स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे जीव लावायला जागा बरीच रिकामी होती. आता गणिताचं जिल्हा ऑलिंपियाड आलं होतं. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातून दहावीच्या दोघांनाच देशपातळीवर पाठवणार होते. तिथे नाव झालं तर पोरीला विद्यापीठाचं दार उघडणार, नाही झालं तर आईशेजारचं यंत्र तिची वाट बघत होतंच. आईनं तसं मुकादमाला सांगूनही ठेवलं होतं. बाईंना हे कळलं होतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली आणि पेपर तपासायला जिल्हाभरातले गणितशिक्षक एका शाळेत जमले. वर्ग तापवणाऱ्या नळ्यांत नावापुरती ऊब होती. सगळे ओव्हरकोट घालून, बोटं कापलेले हातमोजे चढवून बसलेले, पुढ्यात भाजलेल्या बार्लीची कॉफी. पेपरवर नाव असतं ते वरच्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा दुमडून, चिकटवून, वर शिक्का मारलेला. सगळे गुण देऊन झाले की मगच कोपरे फुटायचे. शिवाय नियम असा, की ज्या इयत्तेत आपला विद्यार्थी बसलाय त्या इयत्तेचे पेपर आपण हातात घ्यायचे नाहीत. म्हणून बाई नववीच्या टेबलावर होत्या आणि त्यातल्या त्यात निवांत होत्या.

तेवढ्यात जिल्ह्याच्या शाळा तपासनीस बेझानबाई आत आल्या. दहावीचा चौथा प्रश्न तपासणारे गृहस्थ तापानं आडवे झाले होते.

"कॉम्रेड झागान, चौथा प्रश्न तुम्ही घ्या. अर्ध्या पोरांनी संमिश्र संख्या लावल्यात, आणि आपल्या गिंपूंना त्या बघितल्या की शिंका येतात."

बाईंनी हातातला पेपर खाली ठेवला. "पण कॉम्रेड, माझी एक विद्यार्थिनी दहावीला—"

"कोपरे चिकटवलेत ना? का तुम्हाला कागदाच्या आरपार दिसतं?"

सगळे हसले. बाई उठल्या, कोटाची बटणं उगाचच पुन्हा लावली आणि गिंपूसरांशेजारी जाऊन बसल्या. गिंपूसर दहावीला पहिले परीक्षक, कारण त्यांच्या वर्गातलं कुणी त्या इयत्तेला बसलंच नव्हतं. त्यांनी गुण द्यायचे, मग दुसऱ्या परीक्षकानं स्वतंत्रपणे द्यायचे, आणि जुळले नाहीत तर निवाडा बेझानबाईंचा. चौथ्या प्रश्नाला सात गुण होते.

प्रश्न असा: एक त्रिकोण, त्याचा एक कोन विशालकोन, म्हणजे काटकोनापेक्षा मोठा. त्याच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं मोठं वर्तुळ आणि तिन्ही बाजूंना आतून शिवणारं छोटं वर्तुळ. या दोन वर्तुळांच्या केंद्रांमधलं अंतर काढा.

गठ्ठ्यातला एक पेपर बाईंना आवडला. अक्षर कोंबडीचे पाय, पण पोरानं (किंवा पोरीनं) संमिश्र संख्या लावून प्रत्येक पायरी खुंटा हलवून बळकट केली होती. छोट्या वर्तुळाचं केंद्र काढताना वर्गमुळं घ्यावी लागतात, आणि वर्गमूळ घेतलं की दोन वाटा फुटतात, अधिकची आणि वजाची. या पोरानं वजाच का, यावर अर्धं पान खर्च केलं होतं. बाईंनी सातपैकी सात दिले आणि पुढचा पेपर ओढला.

पुढच्या पेपरच्या समासात एक इवलीशी आकृती होती आणि तिच्यावर काट होती.

बाईंनी पेपर उलटा घातला, कॉफीचा घोट घेतला, पुन्हा सरळ केला. काट तशीच. इतकी जोरात मारलेली की पेन्सिलीच्या टोकानं कागद फाटला होता. खालच्या ओळी म्हणजे बाईंचा स्वतःचाच फळा. "समजा केंद्र शून्य आणि त्रिज्या एक." "समजा a = x²." समान चिन्हं एकाखाली एक. चिकटवलेला कोपरा आता असून नसल्यासारखा होता. हा स्मरांदाचा पेपर होता आणि तो बाईंच्या हातात होता, आणि नियमानुसार तो त्यांच्या हातात असायला नको होता.

उभं राहून सांगावं, की मी हा पेपर ओळखला? मग विचारतील, कसा ओळखला? काही खूण ठरवली होती का, कॉम्रेड? खूण! आमच्याकडे त्या दिवसांत त्या एका शब्दावर माणसं खेड्यात बदलून जात, आणि पेपर तर बादच झाला असता. बाई उठल्या नाहीत. त्या वाचू लागल्या, आणि देवाला, ज्याचं नाव शाळेत काढायचं नसतं त्याला, मनात म्हणाल्या, की सगळं बरोबर असू दे, म्हणजे मला काहीच करावं लागणार नाही.

पहिलं पान बरोबर होतं. दुसऱ्या पानाच्या मधोमध वर्गमुळं आली आणि तिथे पोरीनं वजा चिन्ह टाकलंच नव्हतं.

बाईंनी तीनदा वाचलं. खाली उत्तर अगदी बरोबर होतं, आणि गंमत म्हणजे ते बरोबर येणारच होतं. कारण वजा गाळलं की जो बिंदू मिळतो तो खऱ्या केंद्राच्या नेमका उलट बाजूला, मोठ्या वर्तुळाच्या केंद्रापलीकडे तेवढ्याच अंतरावर उभा असतो. अंतर तेच. बिंदू मात्र भलताच. घर चुकीचं, पण चालत जायला लागणारा वेळ बरोबर, असा प्रकार. गिंपूसरांनी उत्तर बघून सात गुण ठोकून दिले होते.

बाईंनी फक्त खाली सात लिहायचं होतं. कुणाला कळणार नव्हतं. या खोलीत संमिश्र संख्यांची पानं ओळ न ओळ वाचणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. पोरीला जागा मिळाली असती. लाल पेन्सिल कागदावर टेकली, आणि नजर शेजारच्या कोंबडीच्या पायांवर गेली. वजा का, यावर अर्धं पान. त्या पोराचीही कुठेतरी आई असेल, आणि त्याच्यासाठीही कुणी मास्तर असाच धास्तावून बसला असेल. तिथेही हेच सात आणि इथेही हेच सात?

बाईंना रडू येत होतं. त्यांनी चार लिहिले.

"चार?" गिंपूसर वाकून कुजबुजले. "अहो, उत्तर आलंय की!"

"बिंदू चुकलाय, सर."

"तुमचंच दळण आहे ना हे? आपल्याच पिठात खडे काय शोधताय? सोडून द्या."

"नाही सोडता येत."

हे जरा मोठ्यानं निघालं. बेझानबाई आल्या. दोन आकडे बघितले, पान चाळलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तपासनीस असल्या तरी त्यांचं गणित सुटून बरीच वर्षं झाली होती.

"एका चिन्हापायी तीन गुण, कॉम्रेड झागान? नीट दाखवा. फळ्यावर दाखवा."

बाई फळ्याशी गेल्या आणि आकडे लिहायला लागल्या. दोन ओळी झाल्या नाहीत तोच बेझानबाई म्हणाल्या, "हे नको. मला दिसेल असं दाखवा. आकृती काढा."

खोलीतले सगळे बघत होते. बटणांच्या कारखान्यातला वास बाईंच्या नाकात आला. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर हाताएवढी आकृती काढली नव्हती. गिंपूसरांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले, खिशातला दोरा काढून त्याचं एक टोक फळ्यावर दाबून धरलं आणि म्हणाले, "फिरवा खडू, बाई. मी धरलंय."

बाईंनी खडू फिरवला. मोठं वर्तुळ आलं. त्यात विशालकोनाचा त्रिकोण बसवला. तो सगळा वर्तुळाच्या वरच्या अंगाला पडला आणि वर्तुळाचं केंद्र त्याच्या खाली, बाहेर राहिलं. पेपरमधल्या संख्येवरून बाईंनी बिंदू मोजून टाकला. तो केंद्राच्याही खाली गेला. त्रिकोण वर, आणि त्याच्या आतल्या वर्तुळाचं म्हणून सांगितलेलं केंद्र पार खाली, त्रिकोणाच्या बाहेर.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. आतल्या वर्तुळाचं केंद्र त्रिकोणाच्या बाहेर! हे तर सहावीतल्या पोरालाही दिसलं असतं.

"बरोबर आहे," बेझानबाई म्हणाल्या. "चार."

बाई जागेवर येऊन बसल्या. गिंपूसर दोरा गुंडाळत म्हणाले, "हात चांगला आहे हो तुमचा." बाईंना ऐकू आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: हे दिसलं असतं. नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं. त्यांनी पेपर पुन्हा ओढला आणि आता, पहिल्यांदाच, काटेच्या खालच्या आकृतीकडे नीट पाहिलं. इवलीशी होती, पण स्वच्छ होती. तिच्यात तो बिंदू त्रिकोणाच्या आत होता, जिथे असायला हवा तिथेच. बाईंनी पेपर पालथा घातला.

दुपारी कोपरे फुटले. बेझानबाई कात्रीनं एकेक कोपरा उघडत नावं वाचत गेल्या. कोंबडीचे पाय हुशी गावच्या एका मुलाचे निघाले. तो दुसरा आला. स्मरांदा तिसरी. मध्ये दोन गुण.

निकाल दाराबाहेर लावला तेव्हा स्मरांदा तिथेच उभी होती, बसचं तिकीट बोटाला गुंडाळत. तिनं यादी वाचली. बाई बाहेर आल्या. मागल्या दारानं निघून जावं असं शंभरदा मनात आलं होतं, पण मागल्या दाराला कुलूप होतं, हेही खरं.

"स्मरांदा, तुझे तीन गुण मी कापले," बाई म्हणाल्या. "मीच. दुसऱ्या कुणी नाही."

"चौथ्यात ना? मला वाटलंच, बाई."

"वाटलं होतं? मग तपासलं का नाहीस?"

पोरीनं मान खाली घातली. "तपासलं ना. आकड्यातून बिंदू बाहेर येत होता आणि आकृतीत आत दिसत होता. मी कितीतरी वेळ बघत बसले. मला वाटलं, कुठेतरी वजा राहिलाय." ती थांबली. "पण तुम्ही सांगितलंय ना, आकृतीला विचारायचं नाही, ती खड्ड्यात घालते. मला खूप भीती वाटली, बाई. म्हणून मी त्याच काटेवर पुन्हा काट मारली. जोरात मारली."

आयुष्यभर बाईंना वाटत आलं होतं, की आपली भीती आपल्यापुरती आहे, कुणाला तिचा त्रास नाही. ती त्यांनी या पोरीच्या हातात पेन्सिलीसारखी दिली होती, आणि पोरीनं ती मन लावून वापरली होती.

"तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आकृती बरोबर होती."

"जाऊ दे ना, बाई. पुढच्या वर्षी," स्मरांदा म्हणाली, आणि बसकडे निघाली. पुढच्या वर्षी ती शाळेत असेल की गिरणीत, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

सोमवारी बाईंनी वर्गात फळाभर आकृती काढली. गिंपूसरांकडून दोरा मागून आणला होता. मुलांनी ती वहीत उतरवली आणि सवयीनं पेन्सिली उचलल्या.

"काट मारू नका," बाई म्हणाल्या. "आधी बघा. बघा आणि मग मोजा, आणि दोन्ही जुळलं नाही तर मला हाक मारा."

मुलं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली. बाई बाकांमधून फिरत शेवटच्या बाकाशी आल्या. स्मरांदाच्या पानावर सुबक आकडेमोड होती, ओळीखाली ओळ. समास कोरा होता.

"आकृती कुठाय गं?"

"नाही काढली."

"का?"

"काढली की मग दिसतं, बाई," ती इतक्या हळू म्हणाली की बाईंना वाकावं लागलं. "आणि दिसलं की भीती वाटते."

बाई तिच्या बाकावर, तिला सरकवून, शेजारी बसल्या. "मलाही वाटते," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन्सिल पोरीच्या हातात दिली आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. वर्तुळ बटाट्यासारखं आलं. ते त्यांनी खोडलं नाही.